स्वखुशीचा घाम

मनुष्याने कष्ट का करावेत, हा प्रश्न जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील वाडवडिलांना कधी पडला असेल, असे आम्हांस वाटत नाही. मोट हाकायची होती म्हणून हाकली, बाजार लांब होता म्हणून चालत गाठला, ओढ्याला पाणी आले तेव्हा पोहून पलीकडचा काठ धरला. पुढे सायकल आली, तेव्हा तिला दुधाच्या किटल्या अडकवून ती चढावर दामटली. पोहणे, सायकल चालविणे आणि पायांनी धाव घेणे ही सारी पोटामागची कामे होती. आज त्याच घरांतील नातवंडे, कोणी चाकणच्या कारखान्यात तर कोणी पुण्याच्या कचेरीत नोकरीस असलेली, पैसे भरून, अंगावर क्रमांक लावून हीच तीन कामे एकापाठोपाठ एक, मध्ये उसंत न घेता, घड्याळाशी झुंजत करू लागली आहेत. या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. घरातल्या आजीला हे समजावून सांगितले, की ती एवढेच विचारते, "मग मिळतं काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो नीतीचाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'आरोग्य' या एका शब्दात देऊन सुटका होत नाही. आरोग्यासाठी रोज तासभर चालणे पुरते. त्यासाठी कोणी छाती फुटेपर्यंत धावत नाही.

खेळ तसा अलीकडचा आहे. 25 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहराच्या मिशन बे या किनाऱ्यावर तेथील धावपटूंच्या मंडळाने तो पहिल्यांदा भरविला, तेव्हा स्पर्धक होते 46. चार वर्षांनी, 1978 मध्ये, हवाई बेटांवर पंधरा जणांनी दिवसभर चालणारी अतिदीर्घ शर्यत लावली. पुढे 'आयर्नमॅन' म्हणून जिचा बोलबाला झाला, ती हीच. आपल्याकडे या नावाची पहिली स्पर्धा 20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. तिचे अंतर मूळ शर्यतीच्या निम्मे होते: 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धाव. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती बहुधा अशा लांबच्या शर्यतींची. आम्हांस मात्र अधिक विचार करण्याजोगी वाटते ती आखूड पल्ल्याची. ऑलिंपिकमध्ये 2000 सालच्या सिडनी स्पर्धांपासून जी घेतली जाते, ती दीड किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणे अशी असते. तिच्याही निम्म्या अंतराची जी असते, तिला स्प्रिंट म्हणतात: 750 मीटर, 20 किलोमीटर, 5 किलोमीटर.

लांबची शर्यत अवघड आणि आखूड सोपी, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. लांबच्या शर्यतीत माणूस स्वतःला जपतो. शक्ती शिलकीत ठेवतो, खातो, पितो, वेळप्रसंगी चालतो. तेथे धीर हा मुख्य गुण. आखूड शर्यतीत शिल्लक ठेवायला वावच नसतो. पाण्यात उडी घेतल्यापासून श्वास अपुरा पडतो, तो शेवटपर्यंत अपुराच राहतो. पाण्याबाहेर येऊन ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, आणि सायकलवरून उतरून धावू लागायचे, तर मांड्या दुसऱ्याच कोणाच्या असाव्यात अशा जड झालेल्या असतात. गोल फिरण्याची सवय लागलेल्या पायांना जमिनीवर पडण्याची सवय लागेपर्यंत पहिला किलोमीटर सरतो. तिन्ही प्रकारांत निपुण असा माणूस विरळा. जो उत्तम पोहतो तो धावताना मागे पडतो आणि जो जन्माचा धावणारा तो पाण्यात गटांगळ्या खातो. म्हणजे प्रत्येकाला कोठे ना कोठे आपला उणेपणा चारचौघांत दाखवावाच लागतो. या खेळाचे आकर्षण काही अंशी येथेच असावे, असे आमचे मत आहे. जेथे आपण कच्चे आहोत ती बाजू झाकून ठेवण्याची मुभा व्यवहारात असते, या खेळात ती नसते.

आमच्या या भागात पाण्याची बाजू कच्ची असावी, हे मात्र नवलाचे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे या दोन तालुक्यांत आहेत. एके काळी प्रत्येक वाडीवर पाठीला सुका भोपळा नाही तर पत्र्याचा रिकामा डबा बांधून पोरांना विहिरीत ढकलीत आणि आठवड्याभरात पोरे पोहू लागत. आता विहिरींची जागा बोअरने आणि शेततळ्यांनी घेतली आहे. शेततळ्याचे प्लास्टिक निसरडे असते, त्यात पडलेल्याला काठ धरता येत नाही. अशा अपघातांच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. शर्यतीच्या निमित्ताने का होईना, पुन्हा मुले रीतसर पोहायला शिकणार असतील, तर आजीच्या प्रश्नाचे निदान एक उत्तर आम्हांस देता येईल.

धावण्याची गोष्ट निराळी. धावपटूंची सरावाची वेळ म्हणजे पहाट, आणि या उसाच्या पट्ट्यात पहाट ही बिबट्याचीही वेळ आहे. जुन्नर वनविभागातील बिबट्यांची वार्ता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र उभारावे लागले. सराव करणारा तरुण उजाडेपर्यंत थांबू शकतो, रस्ता बदलू शकतो किंवा पुण्याच्या एखाद्या मैदानावर जाऊ शकतो. शेतीपंपाची वीज रात्रीची आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघणाऱ्या शेतकऱ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणूनच 'दिवसा वीज द्या' ही त्याची मागणी इतकी जुनी आणि इतकी आर्त आहे. अंधार तोच, रस्ता तोच, धोकाही तोच. फरक इतकाच, की एकाला थांबता येते आणि दुसऱ्याला थांबता येत नाही.

आमच्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ या थांबता येण्यात आहे. डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव हे गाव बुडाले. तालुक्याला त्या गावाचे नाव आहे, कारभार घोडेगावातून चालतो, आणि मूळ गाव पाण्याखाली आहे. घोड नदीच्या खोऱ्यातील महादेव कोळी समाजाच्या कित्येक कुटुंबांची भाताची खाचरे त्या पाण्याने गिळली. पिढ्यान् पिढ्या शेती केलेल्या या माणसांना पुढे त्याच जलाशयावर मासेमारी शिकावी लागली, सहकारी संस्था काढून आपला हक्क मागावा लागला. पलीकडच्या वाड्यांवर जायला होडी, होडी नसली तर डोंगराला वळसा घालून पायपीट. त्यांच्या या धडपडीची वेळ कोणत्याही घड्याळाने मोजली नाही. अशा पाण्याच्या काठावर उभे राहून कोणी हौसेने पोहण्याचा सराव करू लागला, तर पाहणाऱ्याच्या मनात किंचित खंत उमटते. हे कष्टांचे सोंग तर नव्हे? लाखाच्या घरातली सायकल, परदेशी बूट, मनगटावर ठोके मोजणारे यंत्र, आणि शेजारच्या वाडीतील बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन चढ चढते आहे!

ही खंत खरी आहे. तथापि ती अपुरी आहे, असेही आम्हांस म्हणावेसे वाटते. लादलेले कष्ट माणसाला आपोआप थोर करतात, ही समजूत बहुधा ते न करणाऱ्यांनीच पसरविली असावी. हंडा वाहणाऱ्या बाईला त्यात थोरपण दिसत नाही. तिला नळ हवा असतो. तिने आणि तिच्या नवऱ्याने हाडांची काडे केली, ती मुलांना हंडा वाहावा लागू नये म्हणूनच. मुलाने आपला घाम कोठे गाळायचा हे स्वतः ठरवावे, इतकी मोकळीक त्याला मिळाली, तर आईबापांचे कष्ट वाया गेले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? या मोकळिकीचे तो काय करतो, हे मात्र जरूर विचारावे.

त्याच डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. ते याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीत काम करणारा हा तरुण 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाने भरलेल्या लॉरीसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. त्यालाही थांबता आले असते, बाजूला सरता आले असते. म्हणजे स्वखुशीने पत्करलेल्या कष्टांतही दोन जाती आहेत: एक आपली कसोटी पाहण्यासाठी पत्करलेले, दुसरे इतरांसाठी. या दोहोंची तुलना करून खेळाडूला खाली मान घालायला लावावी, असा आमचा हेतू नाही. परंतु शरीराला 'आता पुरे' म्हणत असताना पुढे रेटण्याची जी सवय खेळ लावतो, ती सवय घरी, गावात, कोणाच्या अडीअडचणीत कधीच उपयोगात आली नाही, तर ती शिकून साधले काय?

शर्यत या भागाला नवी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. यात्रेच्या दिवसांत घाटावर बैलगाडा सुटतो आणि अवघ्या काही सेकंदांत निकाल लागतो. इतक्या आखूड पल्ल्यासाठी वर्षभर खुराक, वर्षभर निगा! सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली या शर्यतींवर बंदी आणली, 2021 च्या डिसेंबरात अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. कायद्याचा निवाडा झाला. नीतीच्या बाजूने आमच्या मनात एक शंका तरीही उरते: बैलाने नाव नोंदविलेले नसते. ट्रायथलॉनमध्ये बैलही तोच आणि गाडीवानही तोच, एवढी एक गोष्ट या नव्या खेळाच्या पदरात टाकावीच लागेल.

पण तेथेही सगळा भार एकटा धावणाराच उचलतो असे नाही. सरावासाठी आठवड्यातले आठ-दहा तास लागतात. ते तास कोणाच्या वाट्यातून येतात? धारा कोणी काढल्या, मुलांचा अभ्यास कोणी घेतला, आजारी वडिलांपाशी कोण बसले? शर्यती बहुधा रविवारी सकाळी असतात. आपल्या वाचकांच्या घरी रविवार सकाळचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको; शनिवारच्या सायंकाळच्या मिस्साने तो प्रश्न सुटत असेलही, परंतु रविवारी एकत्र जेवायला बसणाऱ्या घराचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. नवरा पदक घेऊन येतो तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावर कौतुक असते. कधीमधी त्याखाली थकवाही असतो, तो पाहण्याची दृष्टी पाहिजे.

याच्या उलटही एक उदाहरण आहे. सिस्टर मॅडोना ब्यूडर या अमेरिकन धर्मभगिनी वयाच्या पन्नाशीजवळ धावू लागल्या, त्याही एका फादरांच्या सांगण्यावरून. 2012 साली, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांनी कॅनडातील आयर्नमॅन शर्यत सतरा तासांच्या मुदतीत पुरी केली. त्यांच्या वयाचा गटच नसे, म्हणून आयोजकांना त्यांच्यापायी नवे वयोगट काढावे लागले. आपल्याकडे साठी उलटली की बाईने जपमाळ घेऊन ओसरीवर बसावे, अशी अपेक्षा असते. जपमाळ तर त्यांनीही सोडली नसावी!

राहिली गोष्ट जिंकण्याची. संत पॉलने करिंथकरांस लिहिताना धावपटूंचा दाखला घेतला तो उगीच नव्हे. करिंथजवळच इस्थमियन क्रीडा भरत आणि विजेत्याला झाडपाल्याचा मुकुट मिळे. मुकुट सुकणार हे त्या धावपटूंनाही कळत होते. तरी ते धावत. आणि जीव तोडून धावत, कारण कोणी जीव तोडून धावतच नसेल तर शर्यतीला अर्थ राहत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये टोकियोत ऑलिंपिकपूर्व चाचणी स्पर्धा झाली. उकाडा एवढा, की स्त्रियांच्या शर्यतीतील धाव 10 किलोमीटरवरून 5 वर आणावी लागली. ब्रिटनच्या जेस लिअरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोघी सर्वांच्या पुढे होत्या. त्यांनी हातात हात घालून एकत्र रेषा ओलांडली, आणि पंचांनी दोघींना बाद केले. ठरवून बरोबरी करणे नियमात बसत नव्हते. मैत्रीला शिक्षा झाली, असे अनेकांना वाटले. आम्हांस पंचांचे बरोबर वाटते. दोघींतील कोणालाही आधाराची गरज नव्हती. त्यांनी फक्त एक प्रश्न अनुत्तरित ठेवला, आणि तो सोडविण्यासाठीच तर शर्यत होती.

परंतु त्याआधी तीन वर्षे, सप्टेंबर 2016 मध्ये, मेक्सिकोतील कोझुमेल येथे जे घडले त्याची जात वेगळी होती. जागतिक मालिकेची ती अखेरची शर्यत. जॉनी ब्राउनली आघाडीवर होता. जिंकला असता तर जगज्जेतेपद त्याच्याकडे येण्याची शक्यता होती. शेवटचे काहीशे मीटर उरले असता उष्म्याने त्याचे पाय लटपटू लागले, डोळ्यांतले भान गेले. मागून त्याचा थोरला भाऊ ॲलिस्टर आला. ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके मिळविलेला हा खेळाडू पुढे निघून गेला असता, तर ती शर्यत त्याची होऊ शकली असती. त्याने भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शुमन त्यांना ओलांडून पुढे गेला आणि जिंकला. ॲलिस्टरने जॉनीला ओढत रेषेपर्यंत आणले आणि आपल्याआधी पलीकडे ढकलले. धाकटा दुसरा आला, थोरला तिसरा. जगज्जेतेपद अवघ्या चार गुणांनी स्पेनच्या मारिओ मोलाकडे गेले, आणि रेषेपलीकडे कोसळलेल्या धाकट्याला उचलून दवाखान्यात नेण्यात आले.