वास झाकू नका, आधी कपडे वाळवा

बसा सगळे खाली. त्या बाटल्यांची झाकणं घट्ट लावा आणि खिडक्या उघडा. डोकं दुखायला लागलंय माझं.

विज्ञान प्रदर्शनासाठी 'कपड्यांचा आणि घराचा नैसर्गिक सुगंधी फवारा' हा विषय तुम्हीच निवडलात. मी लगेच हो म्हटलं, कारण हा विषय आपल्याच पोरांनी घ्यावा असा आहे. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहतो आपण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलतो. जून लागला की दांडीवरचा गणवेश चार-चार दिवस दमट, गोधडीला कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. यातून काहीतरी शोधाल असं वाटलं होतं. तुम्ही काय केलंत? बाजारातलं मोगऱ्याचं सेंट पाण्यात ओतलंत, बाटलीवर पानाफुलांचं चित्र चिकटवलंत आणि खाली लिहिलंत, '१०० टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री'. हे धडधडीत खोटं आहे. आळस एक वेळ मी खपवून घेईन, हे नाही.

आणि 'केमिकल फ्री' म्हणजे काय रे? तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरची चूल महाडच्या एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यांच्या पगारावर पेटते. पाणी रसायन, लिंबाचा रस रसायन, गवती चहाला वास येतो तो सिट्रालचा, तेही रसायनच. उलट कण्हेर शंभर टक्के नैसर्गिक आहे, खाणार का तिचं मूळ? नववीत येऊनही हे कळत नसेल, तर वर्षभर प्रयोगवहीत नुसत्या रेघा मारल्या म्हणायच्या.

आता मुद्द्यावर या. कपड्याला वास का येतो, हा प्रश्न एकालाही पडला नाही. कपड्यात आपला घाम राहतो, अंगाचं तेल राहतं. कपडा तासन् तास ओला राहिला की जिवाणू त्यावर पोसतात आणि वास सोडतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा असा एक जिवाणू नेमका शोधून काढला. त्याला तुमच्या मोगऱ्याची काय भीती? तुम्ही तर दमट शर्टावर आणखी पाणी फवारलंत, म्हणजे त्याला हवं ते हाताने दिलंत. पोलादपूरच्या जुलैत जो कपडा पाण्याने भिजला म्हणून वास मारतो, त्याला पाण्याचाच फवारा! हात शिवशिवतात म्हणून फवारू नका, आधी विचार करा.

तुमच्या आज्यांना हे बरोबर कळत होतं. घरात बाळंतीण असली की शेगडीत निखारे असत, त्यावर टोपली पालथी, टोपलीवर बाळाची दुपटी. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, धूप. क्रम बघा. दुपटं आधी उबेने खडखडीत वाळतं, मग त्याला वास लागतो. कोंदट खोलीतला धूर तान्ह्या बाळाच्या छातीला वाईट, तेवढं सोडून द्या. पण वाळवणं आधी आणि सुवास नंतर, हा धडा पक्का घ्या. ट्रंकेत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालायचे तेसुद्धा कडक उन्हं दाखवलेल्या कपड्यांत. ओल्यात नाही.

दुसऱ्या बाकावरच्या गटाने व्हिनेगर आणि खायचा सोडा एकाच बाटलीत घातला, वर बूच दाबलं आणि ते उडाल्यावर हसत बसले. काचेची बाटली असती तर डोळा गेला असता. आम्ल आणि अल्कली भेटली, कार्बन डायऑक्साइड निघून गेला, मागे उरलं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. दोघांचाही उपयोग संपला. आठवीत उदासिनीकरण शिकवलं ते कशाला? घरात पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सुकटीचा वास हाताला लागला की आई लिंबू चोळते. का चोळते? माशाचा वास ट्रायमिथाइल अमाइनचा, तो अल्कलीधर्मी. लिंबातल्या आम्लाने त्याचं क्षारात रूपांतर होतं, तो क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास थांबतो. घामाचा आंबूस वास आम्लाचा, त्याला सोडा चालतो. रोज स्वयंपाकघरात होणारा प्रयोग तुम्हाला दिसला नाही, आणि मोबाइलवरची पाककृती मात्र दिसली.

कापराच्या वड्या पाण्यात टाकणाऱ्यांनो, तुमच्या बाटलीचं नाक का चोंदलं ते आता तरी बघा. तुकडे तसेच तळाशी आणि नळीत बसलेत. कापूर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तो उघड्यावर आपोआप उडतो, त्याला फवाऱ्याची गरज नाही. आणि लहान भावंडांच्या हाती कापूर लागू देऊ नका. पोटात गेला तर झटके येतात.

आता जे सांगते ते नीट ऐका, मागचे सुद्धा. एका गटाने टीसीएल पावडरच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्यात लिंबू पिळलं, 'जंतूही मरतील, वासही येईल' म्हणून. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं, तेव्हा तुम्ही लहान होतात. पाणी ओसरल्यावर चिखलाचा तो वास कपड्यांना, गाद्यांना, भिंतींना किती दिवस होता ते घरी विचारा. तेव्हापासून आपल्याकडे पूर आला की टीसीएल हाताशी असतेच. त्या पावडरमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो फुप्फुसं जाळतो. पुन्हा कोणी हे केलेलं दिसलं तर मी थेट पालकांना बोलावेन. ही धमकी समजा.

काम कसं करायचं ते लिहून घ्या. परसातला गवती चहा दोन मुठी, कापून, पातेल्यात पाण्यासह. मध्ये तिवईवर रिकामी वाटी. झाकण उलटं ठेवा, त्यावर गार पाणी. मंद आच, घरातलं मोठं माणूस शेजारी. वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकेल, तो तुमचा अर्क. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेत हेच मोठ्या प्रमाणावर करतात. उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत अर्क भरा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत संपवा. गढूळ झाला, तंतू दिसले, की फेकून द्या. नुसता पाला उकळून गाळलेलं पाणी तर दोन दिवसांतच नासतं. फवारा फक्त वाळलेल्या सुती कपड्यावर, आधी आतल्या कोपऱ्यावर डाग पडतो का बघून. आईच्या पैठणीवर अजिबात नाही. घरात दम्याचं कोणी असेल तर फवाराच नको, खिडकी उघडा.

आणि प्रयोगाला तुलनेची जोड हवी. एकाच धुतलेल्या कपड्याचे चार तुकडे करा. एक पंख्याखाली वाळवा, एक कोपऱ्यात तसाच ठेवा, एकावर ओला असताना फवारा, एकावर वाळल्यावर. चौथ्या दिवशी डोळे बांधून घरातल्यांना हुंगायला लावा आणि जे येईल ते जसंच्या तसं लिहा, तुमच्या फवाऱ्याची फजिती झाली तरी.

सोमवारी नव्या बाटल्या माझ्या टेबलावर हव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर आत काय काय आहे, कधी काढलं आणि कधीपर्यंत वापरायचं, एवढंच. 'केमिकल फ्री' लिहिलेली एकही बाटली प्रदर्शनात जाणार नाही.