सकाळचे भांडवल

बंगळुरूतल्या बसवनगुडीच्या गांधी बाजारात उजाडता उजाडता फुलांच्या टोपल्या लागतात. के. आर. मार्केटातून पहाटे आणलेला मोगरा, अबोली, शेवंती. केळीच्या सोपाच्या दोऱ्यात फुलवाल्या मावशी भराभर कळ्या गुंफतात आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात मोजून माळ तोडून देतात. देव्हाऱ्यातली आपली पूजा त्या हातांनी सुरू होते.

त्या टोपलीतला माल मात्र पुष्कळदा उसन्या पैशांवर आलेला असतो. शहरोशहरच्या मंडयांत एक जुनी रीत आहे: सकाळी सावकाराने नऊशे हातावर ठेवायचे आणि संध्याकाळी हजार मोजून घ्यायचे. दिवसाला शंभर. वर्षातले तीनशे दिवस धंदा धरला, तर व्याजाचे झाले तीस हजार, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हात पुन्हा रिकामाच. अशी बाई आळशी नसते, उधळी तर नसतेच. गाठीला चार पैसे बांधावेत तर मुलाचा ताप किंवा शाळेची फी ते घेऊन जाते. कष्ट तिचे आणि त्यांचे फळ दुसऱ्याच्या खिशात, हे पराकोटीच्या गरिबीचे खरे रूप आहे.

लहान कर्ज नेमके इथे कामी येते. 1976 साली बांगलादेशातल्या जोब्रा गावी अर्थशास्त्रज्ञ मुहम्मद युनूस यांनी 42 जणांना मिळून 856 टका पदरचे दिले, आणि तेवढ्याने ते सावकाराच्या पाशातून सुटले. कर्नाटकाने 2018 मध्ये ‘बडवर बंधू’ योजनेतून फेरीवाल्यांना दहा हजारांपर्यंत बिनव्याजी कर्ज देऊ केले. टाळेबंदीने हातगाड्या थांबल्या, तेव्हा जून 2020 मध्ये केंद्राची ‘स्वनिधी’ योजना आली: सुरुवातीला दहा हजार रुपयांपर्यंत, तारण काही नाही, वेळेवर फेडले की पुढचे कर्ज मोठे.

तरी कर्ज म्हणजे दान नव्हे, त्याचा हप्ता ठरल्या दिवशी दारात उभा राहतो. कमाईच नसलेल्या घरात एक कर्ज फेडायला दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे घेतले जाते. याच कर्नाटकात अशा लहान कर्जांच्या वसुलीच्या जाचाने माणसे घर सोडून गेली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारला त्या जाचाविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत केलेला अभ्यास सांगतो की अशा कर्जाने चालू धंद्याला थोडा हात मिळतो, पण घराचे दारिद्र्य सरसकट फिटत नाही. म्हणून ज्याच्या हाताला काम आहे त्याला स्वस्त भांडवल मिळावे. ज्याच्या घरी चूलच पेटत नाही त्याला आधी धान्य, औषध आणि रोजगार मिळावा. भुकेल्याला कर्जात ढकलणे ही मदत नव्हे.

आणि आपण? योजना असते, पण पालिकेचे ओळखपत्र किंवा शिफारसपत्र, खाते, आधारला जोडलेला मोबाइल एवढ्या पायऱ्या चढताना रोजचा धंदा बुडतो, म्हणून कितीजणी अर्धवट परत फिरतात. रोज जिच्याकडून फुले घेतो तिला आज एवढे विचारावे: “मावशी, भांडवल कुठून आणता?” सावकाराचे नाव आले, तर तिच्याजवळ बसून अर्ज भरून द्यावा आणि बँकेत तिच्या सोबत जावे. आपली एक सकाळ खर्ची पडेल, तिची रोजची शंभराची गळती थांबू शकेल.