फुलांच्या दरीत कोणी चालावं?

मे-जून आला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांमध्ये उत्तराखंडचे बेत सुरू होतात आणि त्यात ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’चं नाव निघतंच. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, पुढे घांघरियापर्यंत चढ, तिथे मुक्काम आणि सकाळी दरी. जूनच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यानाचं फाटक उघडतं तेव्हा पुष्पावती नदीकाठी बर्फ असतो. फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टचा. आत मुक्काम करायचा नाही, फुलं तोडायची नाहीत, कचरा आपला आपण खाली आणायचा. एवढं पाळलं की निसर्गाला धक्का न लावता त्याचा आनंद घेतला, असं समाधान घेऊन आपण परततो.

हे समाधान तपासून पाहायला हवं.

‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे नाव रूढ केलं ते फ्रँक स्माइथ या ब्रिटिश गिर्यारोहकाने. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना तो आणि त्याचे साथीदार या दरीत उतरले. १९३७ साली तो पुन्हा आला आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं. पण खालच्या भ्युंडार गावातल्या लोकांना ही दरी कोणी शोधून द्यावी लागली नव्हती. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की शेळ्या-मेंढ्या इथे चरायला येत. मेंढपाळांचाही उन्हाळा याच उतारांवर जायचा. फक्त तो सुट्टीचा नव्हता. १९८२ साली दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि चराई बंद झाली.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा इथे वाचण्यासारखा आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला त्याची मनाई आहे, गुरं आत आणायलाही. अपवाद एकच : परवानगी घेऊन आत येणाऱ्या माणसाने वाहन म्हणून वापरलेलं जनावर. प्रवेशाची परवानगी कशासाठी देता येते, त्या यादीत अभ्यास आहे, छायाचित्रण आहे आणि पर्यटनही आहे. म्हणजे जनावरावर बसून निसर्ग बघायला आलेला माणूस कायद्याला चालू शकतो, जनावर चारायला आलेला चालत नाही.

मराठीत दोन शब्द जवळजवळ राहतात : उपभोग आणि उपजीविका. एरवी आपण उपजीविकेला मान देतो आणि उपभोगाकडे जरा संशयाने बघतो. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर मात्र हा क्रम उलटा होतो. पोटासाठी आलेला माणूस तिथे घुसखोर ठरतो आणि मौजेसाठी आलेला पाहुणा.

याला उत्तर आहे आणि ते हलकं नाही. मेंढ्यांचे मोठे कळप कोवळे कोंब खातात, माती तुडवतात. काही हजार माणसं ठरलेल्या वाटेने चालली तर तेवढं नुकसान होत नाही. शिवाय पर्यटनातून स्थानिकांनाही काम मिळतं. तेव्हा निकष हेतूचा नाही, हानीचा आहे, असं म्हणता येईल.

ठीक आहे, हानीचाच निकष लावू. मग तो दोन्हीकडे लावावा लागेल. चराई थांबल्यावर दरीत पॉलिगोनम नावाची उंच, दाट वाढणारी वनस्पती पसरली. तिच्याखाली लहान फुलझाडं दबतात म्हणून वनखातं ती उपटून काढत आलं आहे. गुरं नाहीत म्हणूनच ती फोफावली, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींना ते मान्य नाही. कासच्या पठारावरचा कुंपणाचा आणि चराईचा वाद ज्यांना आठवतो, त्यांना हा गुंता नवा वाटणार नाही. आणि आपली हानी? ती फाटकाच्या आत मोजून भागत नाही. पुलना ते घांघरिया या वाटेवर खेचरांची लीद, प्लास्टिक, हॉटेलांचं सांडपाणी हे सगळं त्याच सहलीचा भाग आहे. ज्याला चालवत नाही, त्याला कंडीत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत बसवून दुसरा माणूस दरी दाखवायला नेतो. कामं मिळाली, हे खरं. पण त्यातली बरीचशी आपलं ओझं वाहण्याची आहेत.

म्हणून तिकडे जाऊच नये, असं मला म्हणायचं नाही. डोंगरात चालण्याचा आनंद खरा असतो आणि पुष्कळ माणसांना निसर्गाबद्दल पहिल्यांदा काही वाटतं ते अशाच वाटेवर. मुद्दा एवढाच की हा आनंद आपल्याला फुकट मिळालेला नाही. दरी राखायची म्हणून कोणाला तरी बाहेर थांबायला सांगितलं गेलं आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत आपण चालतो आहोत.

शेजारच्या नंदादेवीत गोष्ट आणखी पुढे गेली. मोहिमांनी केलेली लाकूडतोड आणि कचरा वाढल्यावर १९८३ साली तिचा अंतर्भाग बंद झाला. गिर्यारोहकांना आणि गावकऱ्यांनाही. उद्या पुष्पावतीच्या काठावरही असा निर्णय झाला, आणि दहा-वीस वर्षं ‘फक्त बघायला’ येणाऱ्यांनीही यायचं नाही असं ठरलं, तर? त्या दिवशी आपण हक्काची भाषा बोलू की राखण्याची? मेंढपाळाकडून आपण कोणत्या उत्तराची अपेक्षा केली होती, ते तेव्हा विसरता येणार नाही.