रक्तदोष आणि न्यायबुद्धि

लातूरच्या एका मुलीचें लग्न नांदेडच्या स्थळीं ठरत आलें होतें. पत्रिका जुळल्या, याद्या तेवढ्या व्हावयाच्या होत्या. इतक्यांत मुलीच्या वडिलांस रक्ताचा कर्करोग असल्याचें समजलें आणि नांदेडहून नकार आला. ‘रक्तांतच आहे, उद्यां नातवंडांत उतरेल,’ एवढेंच कारण. दोन्ही घरांशीं परिचय असल्यामुळें मध्यस्थी माझ्याकडे आली.

रोग क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा होता. आपणां सर्वांच्या नवव्या गुणसूत्रावर ‘एबीएल’ नांवाचें एक जनुक असतें. त्यापासून बनणारें विकर पेशीला वाढीचा संदेश पोंचवितें. एरवीं त्यास लगाम असतो. मज्जेंतील एखाद्या पेशींत या गुणसूत्राचा तुकडा तुटून बाविसाव्यास चिकटला कीं तो लगाम सुटतो, आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. हें विकृत गुणसूत्र १९६० मध्यें फिलाडेल्फियास प्रथम आढळलें. २००१ पासून त्या विकरास अडविणारी इमॅटिनिब ही गोळी मिळूं लागली. ती नेमानें घेणारे पुष्कळ रोगी आज जवळजवळ पुरें आयुष्य जगतात. मुख्य म्हणजे हा बिघाड त्या माणसाच्या हयातींत, मज्जेंतील एका पेशींत घडतो. तो बीजांत नसतो, म्हणून संततींत उतरत नाहीं.

मीं नांदेडास जाऊन हेंच सांगितलें. वरपित्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “आणि उतरणारा असता, तर आपण आला असता का?”

मला उत्तर सुचलें नाहीं. कारण तसे दोषही आहेत. १९९७ मध्यें सांपडलेलें ‘पीटेन’ हें जनुक वाढीचा संदेश विझविणारें विकर बनवितें. त्यांतील दोष आईबापांकडून येऊं शकतो, आणि प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. अशा घरच्या मुलीस माझा युक्तिवाद कांहींच उपयोगाचा नव्हता. उलट, दोष बीजांत असता तर नकार रास्तच होता, असें मी नकळत कबूल करून बसलों होतों!

संततीची काळजी करणें गैर नव्हे. पण ती वधूवरांनीं मिळून, डॉक्टरांचा सल्ला घेऊन करावयाची गोष्ट आहे. येथें ती मुलीच्या माथीं कलंक म्हणून मारली गेली. वरपक्षानें स्वतःच्या घरचीं जनुकें तरी कधीं तपासलीं होतीं? हें मला तेथें बोलतां आलें असतें. सुचलें तें परतीच्या वाटेवर.

लग्न मोडलें. मुलीचे वडील परवां भेटले. हातांत महिन्याच्या गोळ्या होत्या. नांदेडास काय बोलणें झालें, असें त्यांनीं विचारलें. मीं एबीएलची हकीकत सांगितली. वरपित्याचा प्रश्न सांगितला नाहीं.