मांडावरची ओवी छापावी का?

पौषातल्या रात्री गोव्याच्या अनेक गावांत, पेडणे आणि डिचोली तालुक्यांतही, धालो खेळले जातात. शेणाने सारवलेला मांड, समोरासमोर बायकांच्या दोन रांगा, एकमेकींच्या कमरेला विळखा घातलेले हात आणि पुढे-मागे झुकत एका रांगेने म्हटलेली, दुसरीने उचललेली ओवी. मांड ही देवाची जागा. तिथे चपला घालून जायचे नसते आणि तिथली गाणी बिगर-हंगामाची म्हणायची नसतात, असे मानणाऱ्या बायका आजही आहेत. मग एखाद्या सांस्कृतिक संस्थेने आपल्या नियतकालिकात हीच ओवी छापली, भर उन्हाळ्यात ती कुणी खुर्चीत बसून वाचली, तर तिचे पावित्र्य उरते का? हा प्रश्न संपादनाचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. पवित्र शब्दाचे सामर्थ्य शब्दात असते, की तो उच्चारणाऱ्याच्या अधिकारात?

आपल्या परंपरेने यावर फार पूर्वी विचार केला आहे. मीमांसकांच्या मते मंत्राचे मुख्य काम कर्माच्या वेळी त्या कर्माशी संबंधित अर्थाची आठवण करून देणे हे आहे. कर्म कुणी करायचे, हे अधिकारावरून ठरते. गावाच्या भाषेत या अधिकाराला ‘मान’ म्हणतात. डिचोली तालुक्यातल्या शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. सोवळ्यात राहून व्रत पाळलेला धोंड, हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी घेऊन, पहाटेच्या अंधारात होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातो. या जत्रेची वर्णने कितीदा तरी छापून आली, पण ती वाचून कुणी धोंड झालेला नाही. मॅक्सम्युलरने 1849 ते 1874 या काळात सायणभाष्यासह ऋग्वेद छापला, तरी पाठशाळेतला विद्यार्थी आजही गुरुमुखातूनच संथा घेतो. म्हणून छापल्याने विधी बाटतो हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. कागदावर ओवी येते, मान येत नाही.

पण दुसरा आक्षेप याहून खोल आहे. नोंद करणारा बाहेरचा असतो, त्याला क्रिया दिसते, भाव दिसत नाही. याचा सर्वांत कठोर पुरावा गोव्याच्याच इतिहासात आहे. 1736 साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात लग्नातल्या ओव्या, पानविडे, अंगणातली तुळस, इतकेच काय मिठाविना शिजवलेला भात, अशा किती तरी गोष्टींना ख्रिस्ती झालेल्यांच्या घरांत बंदी घातली होती. जे मिटवायचे त्याची यादी करावी लागली, आणि आज त्या काळचे लग्नाचे रीतिरिवाज अभ्यासताना तीच यादी हाताशी धरावी लागते. तपशील इतका बारीक, पण ओवी म्हणणाऱ्या बाईला काय वाटत होते याचा एक शब्द त्यात नाही. नोंद खरी असूनही ती किती रिकामी असू शकते, हे यावरून कळते. छापल्याने वस्तू टिकतेच असेही नाही. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 पासून सतराव्या शतकात तीनदा छापले गेले. त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो श्रद्धेने उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांमुळे.

पेडणे आणि डिचोली पोर्तुगीज अमलात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, धर्मांतराची लाट ओसरल्यावर. म्हणून इथले मांड तुटले नाहीत. पोर्तुगिजांनी आधीच जिंकलेल्या, म्हणजे जुन्या काबिजादीतला संशोधक अवशेष वेचतो, इथल्या संशोधकासमोर विधी करणारी माणसे उभी आहेत आणि त्यांना विचारता येते. 1871 साली स्थापन झालेली, आज मिनेझिस ब्रागांझा या नावाने ओळखली जाणारी पणजीची संस्था असो, 1970 ची कला अकादमी असो, गोव्यात अशा संस्थांनी हे नोंदीचे काम आपले मानले. विनायक खेडेकरांचा ‘लोकसरिता’ हा ग्रंथ कला अकादमीनेच काढला. हे ऋण मोठे आहे. तरीही मला खरा धोका वेगळाच दिसतो. पेडण्याची बोली मालवणीला लागून आहे. ती ओवी संपादकाच्या टेबलावर येते आणि शुद्धलेखनाच्या नावाखाली प्रमाण मराठी होऊन बाहेर पडते. एका वाड्यावरचे रूप ‘धालोगीत’ म्हणून छापले जाते आणि शेजारच्या वाड्यावरची मुलगी आपल्या आजीची ओवी चुकीची समजू लागते. विधीला बाधा येते ती इथे.

कुणी म्हणेल, म्हातारी माणसे जात आहेत, अशा वेळी बोलीचे आणि संमतीचे सोपस्कार कुठे पाळत बसायचे? घाई खरी आहे. पण सांगण्याचा अधिकार हाही मानच आहे, आणि गाव जे सांगू इच्छित नाही ते संशोधकाच्या कुतूहलासाठी उघडे करता येत नाही. अशी जागा अंकात कोरी राहिली तरी चालेल. संपादकांना एवढीच विनंती: ओवीखाली गाव, वाडा, मांड आणि तिथी छापा, सांगणारीची इच्छा असेल तर तिचे नाव द्या, तिचा उच्चार सुधारू नका. आणि अंक निघाला की पहिली प्रत त्या मांडावर पोचवा.