स्वातंत्र्य आणि परतीची वाट

ज्याला स्वतःचें हिताहित अजून उमगलेलें नाहीं, त्याच्या हातीं पूर्ण सत्ता द्यावी काय? हा प्रश्न राज्यशास्त्राचा मानला जातो. पण मुलें वाढविणाऱ्या प्रत्येक घरांत तो रोज उभा राहतो. त्याचें एक बोलकें उदाहरण संगणकाच्या क्षेत्रांत सांपडतें.

लिनस टोरवाल्ड्स या हेल्सिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा पाया घातला. या प्रणालींत यंत्राच्या मालकास फार मोठा अधिकार मिळतो. प्रारंभींच्या काळीं पडद्यावर चित्र उमटविण्यासाठीं नवशिक्यालाहि एका फाइलींत आंकडे भरावे लागत : रेघा कोणत्या वेगानें ओढावयाच्या, सबंध चित्र सेकंदास किती वेळां नवें काढावयाचें. आंकडा चुकला कीं पडदा काळा होई. जुन्या कांचनळीच्या पडद्यास तर इजा होण्याचीहि भीति असे.

यावर दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, अजाणाच्या हातीं हीं कळसूत्रें देऊंच नयेत. पण शहाणपण वापरानेंच येतें; तेव्हां तें येईपर्यंत वापर बंद ठेवणें म्हणजे तें कधींच येऊं न देणें होय. दुसरें मत म्हणतें, ठेंच लागूं द्या, म्हणजे तो शिकेल. परंतु ठेंच कशाची लागली हें दिसलें, तरच माणूस शिकतो. काळ्या पडद्यापुढें बसलेल्यास कांहींच दिसत नाहीं. तो शिकतो ती केवळ भीति.

प्रणालीच्या कर्त्यांनीं निराळा मार्ग काढला. १९९४ सालीं ठरलेल्या एका पद्धतीनें पडदाच आपली कुवत संगणकास कळवूं लागला, आणि पुढें लिनक्सनेंहि तिचा उपयोग करून घेतला. आज ग्नोम या लिनक्सवरील दर्शनी व्यवस्थेंत पडद्याची मांडणी बदलली, तर नवी मांडणी लागू होते आणि ‘हीच ठेवावयाची काय?’ अशी पृच्छा होते. २० सेकंदांत उत्तर न आल्यास पूर्वीची मांडणी आपोआप परत येते. येथें मौन ही संमति मानलेली नाहीं. ज्याचा पडदाच काळा झाला, तो नकार तरी कोठें नोंदविणार? अधिकार मात्र कमी झालेला नाहीं.

अशा सोयीनें माणूस बेफिकीर होईल, हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तबकडीवरील मजकूर पुसण्यासारखीं कांहीं कृत्यें परत फिरवितां येत नाहींत; तेथें आधीं सावध करणें हेंच कर्तव्य. परंतु जेथें परतीची वाट ठेवणें शक्य असतें, तेथें ती न ठेवतां स्वातंत्र्य देणें ही उदारता नव्हे, ती हेळसांड होय.

आपल्या घरांतील मूल स्वतःच्या निर्णयानें अडचणींत सांपडतें आणि गप्प बसतें. त्या मौनाला आपण संमति समजतों कीं हांक, यावरून आपण त्यास दिलेलें स्वातंत्र्य खरें कीं नांवाचें, हें ठरवावें.