उसनं कूळ

२५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीच्या जेवणाला, एडिंबरात मी किल्ट नेसून गेलो. जुन्या कपड्यांच्या दुकानातला. चौकटी तांबड्या-हिरव्या, कुठल्या कुळाच्या, देव जाणे! कुणी विचारलंच तर गोत्र सांगून मोकळा होणार होतो.

पण मन खात होतं. परक्याचं कूळ कमरेला गुंडाळणं ही लबाडीच नव्हे का? शेवटी शेजारच्या आजोबांपाशी कबुली दिली. ते हसले. म्हणाले, "अहो, १७४६च्या कायद्यानं हायलंडचा हा पोशाखच बंद केला, तो १७८२ साली सुटला. १८२२ मध्ये चौथे जॉर्ज इथं आले, तेव्हा सर वॉल्टर स्कॉटनी लोकांना चौकटींत नटवलं. कुळागणिक चौकटी बहुतेक त्यानंतरच पक्क्या झाल्या!"

म्हणजे परंपराही थोडी उसनीच! मी निर्धास्त होऊन नाचलो.

घरी येऊन किल्ट उतरवला, तर आतून बारीक रफू केलेलं. कुणीतरी डोळे ताणून, जीव लावून केलेलं. ते मात्र अस्सल होतं. आणि त्याच्याच शेजारची शिवण मी नाचताना उसवली होती.

दुसऱ्या दिवशी सुईदोरा घेऊन बसलो. कूळ उसनं असलं म्हणून काय झालं, टाके तरी आपले घालावेत!